गामेचा अख्खा घड

गामे या वाइनच्या द्राक्षाचा घड तळहातात मावतो. मणी लहान, काळेनिळे आणि एकमेकांना इतके बिलगलेले की मधून आगपेटीची काडीही जाणार नाही. निफाड तालुक्यात थॉमसन या खायच्या द्राक्षाच्या बागेत लहानाची मोठी झालेल्या मुलीला तो पाहून आधी एवढंच वाटतं, की या बागेत विरळणी झालेलीच नाही. आमच्याकडे घडातले कितीतरी मणी कात्रीने काढून टाकतात, उरलेले जीए या वाढीच्या संजीवकाच्या द्रावणात बुडवतात. मणी लांबोळा, टपोरा व्हावा म्हणून घरातल्या सगळ्यांचा हिवाळा बागेत जातो. फ्रान्सच्या बोजोले भागात मणी लहानच हवा असतो. लाल वाइनचा रंग, तुरटपणा आणि पुष्कळसा वास सालीतून येतो. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त.

मी ल्योंला एमएस्सीसाठी आले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीच्या शेवटी तोडणीच्या कामाला गेले. विद्यार्थी व्हिसावर इथे वर्षाला ९६४ तास काम करता येतं. द्राक्षतोडणीसाठी वेगळा हंगामी करार असतो, जास्तीत जास्त एका महिन्याचा, आणि पैसे तासावर, सरकारी किमान वेतनाने. बागायतदारांना ऑगस्टअखेर माणसं हवीच असतात. व्हिलिए-मॉर्गाँ गावाजवळच्या एका कुटुंबाच्या बागेत मला काम मिळालं. ल्योंहून उत्तरेला जाणारी गाडी सोन नदीच्या काठाकाठाने धावते आणि बेल्व्हिलला उतरलं की पश्चिमेला टेकड्या सुरू होतात. त्या टेकड्यांवर बाग. उजवीकडे बाग, डावीकडे बाग, चर्चच्या भिंतीला लागून बाग. मला परकं वाटलंच नाही.

फरक कळला तो वाकल्यावर. आमच्या बागा मांडवाच्या किंवा वाय पद्धतीच्या, घड डोक्याच्या उंचीवर लोंबतात, माणूस सावलीत उभा राहून काम करतो. बोजोलेतली जुनी वेल तारेवर नसतेच. गुडघ्याएवढं खोड, त्यावर प्याल्यासारखे वर फाकलेले तीन ते पाच ओलांडे, म्हणजे जाड फांद्या, आणि पानांच्या आत, जमिनीपासून वीतभर अंतरावर घड. या वळणाला गोब्ले म्हणतात. जुन्या लागणीत हेक्टरी दहा हजारांच्या आसपास वेली असतात, म्हणजे एकरी सुमारे चार हजार. आमच्याकडे नऊ बाय पाचवर लावलेल्या बागेत एकरी हजारसुद्धा होत नाहीत. माल मात्र उलटा. क्रू दर्जाच्या, म्हणजे आपल्या गावाच्या किंवा डोंगराच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वाइनला हेक्टरी किती हेक्टोलिटर (एक म्हणजे शंभर लिटर) काढायची यावर कायद्याने मर्यादा आहे, साधारण पन्नास ते साठच्या मधली. त्याची द्राक्षं केली तर एकरी तीन टनांच्या आसपास येतात. आप्पांना मी फोनवर हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तीन टनात घर चालतं त्यांचं?" एकरी दहा टन काढणाऱ्या माणसाचा हा प्रश्न होता, आणि तो अगदी रास्त होता. बोजोलेतही तो विचारला जातो. उतार इतके तीव्र आहेत की कित्येक तुकड्यांत ट्रॅक्टर जात नाही, मजुरी मोठी आणि वाइनचा भाव शेजारच्या बर्गंडीपेक्षा कितीतरी कमी.

पहिल्या सकाळी मालकांनी आम्हाला ओळीच्या तोंडाशी उभं करून एकच गोष्ट तीनतीनदा सांगितली: मणी फुटता कामा नये. घड मुठीत आवळायचा नाही. देठाजवळ कात्री लावायची, सडका भाग तिथेच कापून टाकायचा, मागून आलेले हिरवे घड वेलीवरच सोडायचे, आणि बादलीत टाकताना वरून फेकायचं नाही. दोन ओळींच्या मधून पाठीवर उंच टोपली बांधलेला माणूस येतो, त्याच्या टोपलीत बादली रिकामी करायची. आमच्या मालकांनी तीही पद्धत बंद करून उथळ कॅरेट आणले होते, म्हणजे वरच्या घडांच्या वजनाने खालचे चिरडत नाहीत. कॅरेट पाऊणच भरायचे.

घडाला देठाने धरायची सवय मला होती. निर्यातीच्या द्राक्षाच्या मण्यावरची पांढुरकी लव पुसली गेली तर माल मागे राहतो, म्हणून आमच्या घरातलं प्रत्येक मूल घडाला बोट न लावता कापायला शिकतं. पण ते खाण्याचं द्राक्ष. वाइनचं द्राक्ष शेवटी चिरडायचंच असतं, मग ही काळजी कशाला, हा प्रश्न मला दिवसभर सुटला नाही. संध्याकाळी कॅरेटांमागोमाग वाइनघरात गेले आणि तिथे उत्तर मिळालं. ते मला इतकं आवडलं की जरा सविस्तर सांगते.

लाल वाइन करायची रूढ रीत अशी: घडाचे देठ काढायचे, मणी चिरडायचे, साल आणि रस एकत्र आंबवायचे. बोजोलेत पारंपरिकपणे यातलं काहीच करत नाहीत. अख्खेच्या अख्खे घड, देठासकट, टाकीत भरतात. आमच्या मालकांच्या टाक्या काँक्रीटच्या होत्या, त्यांच्या आजोबांच्या वेळच्या. तळाचे घड वरच्या वजनाने आपोआप चिरडतात, त्यांचा रस साचतो आणि सालीवरच्या यीस्टने आंबायला लागतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे टाकीतली हवा वर ढकलत तो सगळ्या घडांना वेढतो. आता वरच्या अख्ख्या मण्यांना ऑक्सिजन मिळत नाही. तेव्हा यीस्टचा स्पर्शही न होता, मण्याच्या आत, त्याच्याच पेशींतली विकरं साखरेचं मद्यार्कात रूपांतर करू लागतात. हे फार दूर जात नाही, साधारण दोन टक्के मद्यार्क झाला की पेशी मरतात आणि मणी ढिला पडतो. पण तेवढ्यात दोन मोठ्या गोष्टी होतात. हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा ज्यामुळे येतो ते मॅलिक आम्ल बरंच कमी होतं. आणि सालीतला रंग व फळांचे वास आतल्या गरात उतरतात. बोजोलेच्या वाइनला स्ट्रॉबेरी, रासबेरी, लाल चेरी असा वास येतो त्याचा मोठा भाग इथून येतो. घाईने केलेल्या काही वाइनना केळ्याचा वास असतो, तोही आंबवण्यातच तयार होणाऱ्या आयसोअमाइल असिटेट नावाच्या पदार्थाचा.

म्हणजे मणी फुटला तर हे घडतच नाही. फुटलेल्या मण्याचा रस तळाच्या रसात जातो आणि नेहमीसारखा आंबतो. तोडणाऱ्याने मुठीत घड आवळला की त्या घडापुरती बोजोलेची वाइन बागेतच संपली. शॅम्पेन भागात हाताने तोडणी सक्तीची आहे; इथे क्रूच्या बागांत आजही हातच चालतात त्यामागचं मोठं कारण हेच, की यंत्र वेल हलवून मणी पाडतं, घड अख्खा देत नाही. मजुराच्या बोटांवर वाइन इतकी अवलंबून आहे हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी कंबर तितकी दुखली नाही असं मी म्हणणार नाही. दुखलीच. पण मी कॅरेटात घड ठेवत होते, टाकत नव्हते.

गामे हा काळा घड असला तरी आतला गर पांढरा. त्याचं पूर्ण नावच 'पांढऱ्या रसाची काळी गामे' असं आहे. जनुकीय चाचण्यांतून कळलेली त्याची वंशावळ मला थक्क करते. पिनो आणि गुए ब्लाँ या द्राक्षवाणांच्या संकरातून गामे झालं, आणि त्याच जोडीतून शार्डोने झालं. म्हणजे जगभर डोक्यावर घेतलेलं पांढरं शार्डोने आणि खालच्या पंगतीत बसवलेलं गामे ही सख्खी भावंडं. खालच्या पंगतीत बसवणारा माणूसही इतिहासाला ठाऊक आहे. १३९५ साली बर्गंडीचा सरदार फिलिप ल हार्दी याने फर्मान काढून गामेला वाईट आणि बेइमान वाण ठरवलं आणि आपल्या मुलखातून उपटून काढायला सांगितलं. बर्गंडीच्या चुनखडीत पिनो नुआर राहिलं. दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटवर गामे आलं आणि तिथे ते जे झालं ते चुनखडीत कधीच झालं नसतं. माती आम्लधर्मी, हलकी, कसाने कमी. एरवी भरघोस येणारी ही वेल अशा जमिनीत आवरली जाते. उगाच माल लादत नाही, घड पिकतो.

आप्पा माळकरी. वाइनला हात लावणार नाहीत आणि मीही आग्रह केला नाही. त्यांना ओढ वेलीची. दर रात्री त्यांचा फोन यायचा आणि प्रश्न ठरलेले: कलमाखालचा मुळाचा खुंट कोणता, भुरीची बुरशी पडते का, डाऊनी या दुसऱ्या बुरशीवर काय मारतात. डाऊनीवर मोरचूद आणि चुना, म्हणजे आपलं बोर्डो मिश्रण, हे ऐकून ते खूश झाले. बोर्डो हे फ्रान्समधल्या शहराचं नाव आणि हे मिश्रण तिथल्याच प्राध्यापक मिलार्देंनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं हे त्यांना माहीत होतं, पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या कुठल्याशा मेळाव्यात ऐकलेलं. पाठीवरच्या फवारणी पंपाचा मोठा कारखाना मात्र इथे बोजोलेतच होता, हे मी त्यांना सांगितलं. व्हिलफ्रांशच्या व्हिक्तोर व्हेर्मोरेलने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'एक्लेर' नावाचा पाठपंप काढला आणि तो दूरदूर गेला. सेंद्रिय बागांत अजूनही तांबंच मारतात, पण युरोपीय नियमाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंपेक्षा जास्त नाही.

खुंटाची गोष्ट अधिक मोठी. १८७० नंतरच्या काळात फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने या बागा उद्ध्वस्त केल्या. अमेरिकन वेलीची मुळं या किडीला पुरून उरतात, म्हणून अमेरिकन खुंटावर फ्रेंच वाणाचं कलम करायचं, हे ज्यांनी गावोगाव पटवून दिलं त्यांतले एक व्हिक्तोर प्युलिया हे शिरुब्ल गावचे. तिथे चौकात त्यांचं स्मारक आहे. सुट्टीच्या दिवशी मी चढ चढून ते पाहायला गेले. आमच्या बागेतही डॉगरिजचा खुंट आहे, अमेरिकन रक्ताचाच. पण आपण तो घेतला पाण्याच्या ताणासाठी आणि क्षारांसाठी. कारण वेगळं, उपाय तोच. त्या स्मारकासमोर उभं राहून मी आप्पांना व्हिडिओ कॉल लावला आणि त्यांनी टोपी काढून हात जोडले. ब्रुयीच्या डोंगरमाथ्यावरचं देऊळ म्हणजे तर भुरीपासून बागा वाचवण्यासाठी बांधलेलं देवीचं चॅपल आहे, १८५७ सालचं, आणि दर सप्टेंबरात लोक तिथे चढून जातात. तेही त्यांना दाखवलं.

तोडणी संपल्यावर बहुतेक मंडळी निघून गेली. शेवटच्या दिवशीच्या जेवणावळीला इथे रव्होल म्हणतात. द्राक्षाच्या चोथ्यात शिजवलेला सॉसेज, बटाटे, चीज आणि गाणी. मला मालकीणबाईंनी विचारलं, टाक्या रिकाम्या करायला थांबतेस का. मी लगेच हो म्हटलं.

रोज सकाळी आणि संध्याकाळी टाकीच्या तळाच्या रसाची घनता मोजायची. लांब काचेच्या नळीत रस घ्यायचा, त्यात मापक सोडायचं आणि आकडा पाटीवर लिहायचा. साखरेच्या रसाची घनता पाण्यापेक्षा जास्त, मद्यार्काची कमी, त्यामुळे आकडा रोज उतरत जातो. लिटरमागे सुमारे सतरा ग्रॅम साखर म्हणजे एक टक्का मद्यार्क, हे गणित मालक तोंडी करत. शेजारीच तापमान. कधी तळाचा रस पंपाने वर चढवून घडांवर शिंपायचा. नूव्हो या ताज्या वाइनला हे चार-पाच दिवसच चालतं; क्रूच्या टाक्या दहा-पंधरा दिवसांपर्यंत ठेवतात, म्हणजे सालीतून अधिक काही उतरतं.

टाकी उघडायच्या दिवशी मालकांनी सगळ्यांना आधी बाहेर थांबवलं. टाकीत साचलेला वायू दिसत नाही आणि त्यात वाकलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो. पूर्वी मेणबत्ती खाली सोडून पाहत, आता वायू मोजायचं यंत्र असतं. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडतात तेच हे. पंखा लावून, यंत्राचा आकडा बघून, दोघं बाहेर उभे असतानाच एकाने आत उतरायचं असा कडक नियम होता. मी बाहेरच होते. आतला माणूस काट्याने घड उपसून देत होता आणि आम्ही ते दाबयंत्रात भरत होतो. घड अजून घडासारखेच दिसत होते, फक्त मऊ, गरम आणि गडद. एक मणी दाताखाली धरला तर आत लालसर गर, गोड, जिभेला बारीक चिमटे काढणारा.

दाबाचा पहिला रस सुरू झाला तेव्हा सगळे पेले घेऊन धावले. या अर्धवट आंबलेल्या गोड रसाला बोजोलेत 'पारादी' म्हणतात, स्वर्ग. रूढ पद्धतीच्या लाल वाइनमध्ये दाबून काढलेला भाग कडक, तुरट असतो आणि आपोआप ओघळलेला भाग चांगला समजतात. इथे उलट. अख्ख्या मण्यांत साखर आणि वास कोंडून राहिलेले असतात, त्यामुळे दाबातून येतो तोच रस सुगंधी. रंग जांभळट, फेसाळ, वास चिरडलेल्या रासबेरीचा. हा रस तळाच्या रसात मिसळून उरलेली साखर पुन्हा आंबते, मग उरलंसुरलं मॅलिक आम्ल जिवाणू मऊ करतात आणि वाइन हिवाळाभर विसावते.

त्या दिवसांत मला क्रूंचा अर्थ लागला. बोजोलेच्या उत्तर भागात दहा गावं किंवा डोंगर असे आहेत ज्यांच्या वाइनला स्वतःच्या नावाने विकायचा हक्क आहे. पहिले हक्क १९३६ मध्ये मिळाले, शेवटचा रेन्येला १९८८ मध्ये. वाण एकच, गामे. रीत थोड्याफार फरकाने तीच. बदलते ती माती आणि उंची. मालक शेजाऱ्यांच्या बाटल्या उघडत आणि लेबल झाकून आम्हाला देत. फ्लुरीची गुलाबी ग्रॅनाइटची भुसभुशीत माती आणि वाइनला फुलांचा वास, पोत रेशमी. शिरुब्ल सगळ्यांत उंचावर, म्हणून हलकी, तरतरीत. कोत द ब्रुयीच्या निळसर दगडावरची वाइन थोडी टोकदार. मॉर्गाँच्या कोत द्यु पी टेकडीवर कुजकट दिसणारा पापुद्र्यांचा खडक आहे, तिथली वाइन पहिल्या वर्षी गप्प असते आणि पाच-सहा वर्षांनी पिकलेल्या चेरीकडे झुकते. मुलँ-आ-व्हाँच्या जमिनीत मँगनीज, वाइन सगळ्यांत भरीव, दहा वर्षं सहज टिकते. जुनी मुलँ-आ-व्हाँ मी झाकलेल्या बाटलीतून चाखली तेव्हा मला ती बर्गंडीची पिनो वाटली, आणि मालकांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो फिलिप ल हार्दीला दाखवायला हवा होता.

म्हणूनच नूव्होबद्दल मला थोडं बोलायचं आहे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी ती जगभर एकाच दिवशी उघडतात, बोजो गावात मध्यरात्री पिंपं फोडतात, मी तो उत्सव पाहिला आणि मनापासून नाचलेही. पण बोजोले म्हणजे एवढंच असा समज जगभर पसरला आणि त्याचं नुकसान क्रूंना झालं. नूव्हो क्रूच्या द्राक्षांची करताच येत नाही. ती साध्या बोजोले आणि बोजोले-व्हिलाजची. याच मातीत ज्यूल शोव्हे या व्यापारी-शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं अख्ख्या घडाच्या आंबवण्याचा आणि सालीवरच्या यीस्टचा अभ्यास केला, आणि मॉर्गाँच्या मार्सेल लापिएरसारख्या बागायतदारांनी त्यावर विश्वास ठेवून गंधक जवळजवळ न वापरता वाइन केली. आज 'नैसर्गिक वाइन' म्हणून जे जगभर चालतं त्याची एक मोठी मुळी इथे आहे.

ल्योंमध्ये माझ्या खोलीवर मी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी करते तेव्हा शिरुब्ल उघडते. गामेत तुरटपणा कमी, आंबटपणा बऱ्यापैकी, त्यामुळे हिरव्या मिरचीशी ती भांडत नाही. कडक, लाकडाचा वास असलेली लाल वाइन तिखटासोबत नुसती जळजळ वाढवते. फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवून थोडी गार प्यावी. ज्यांना क्रू पहिल्यांदाच घ्यायची असेल त्यांनी फ्लुरीपासून सुरुवात करावी, आणि एक मॉर्गाँ घेऊन ती चार वर्षं अंधारात आडवी ठेवावी. तोडणीला जायचं असेल तर मेअखेर बागायतदारांना पत्र लिहावं, गुडघ्यांना बांधायच्या गाद्या स्वतःच्या न्याव्यात, आणि मालक टाक्यांसाठी थांबायला म्हणाले तर परतीचं तिकीट पुढे ढकलावं.